अधूनमधूनचा बिघाड

पडदा काळा होतो, पंखे मात्र फिरत राहतात.
आवाज एकाच अक्षरावर अडकतो, ट्र्र्र्र्र,
आणि निशिगंधा हेडफोन काढून म्हणते,
"पप्पा, गेला."

गेला म्हणजे मेला नाही.
बटण दाबलं की उठतो पुन्हा,
काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं.
कधी अकरा मिनिटांत जातो, कधी तीन तासांनी.
परवा तर नुसता कॅल्क्युलेटर उघडला होता.

एकोणतीस हजारांत उभा केलाय तिनं.
कॅबिनेट एम. जी. रोडवरून, रंगीत दिव्यांचं,
रॅमची एकच पट्टी,
ग्राफिक्स कार्ड ओझरच्या कुठल्याशा मुलाकडून, जुनं,
"घरातच वापरलंय" असं तो म्हणाला.
पैसे, दोन सीझन पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये
द्राक्षांच्या पेट्यांना लेबलं लावून.
मी चार हजार घातले. तेवढेच जमले;
तेव्हा अंबडला आमची कंपनी
आठवड्यातले दोन दिवस गेट लावून घ्यायची.

सत्तावीस वर्षं मेंटेनन्सला आहे मी.
जळालेली मोटर मला आवडते.
वास येतो, काळं दिसतं,
बदलायची, सही घ्यायची, चहा.
धास्ती वाटते ती या जातीची:
आपण टेस्टर घेऊन पोचेपर्यंत मशीन शहाणं होतं
आणि ऑपरेटर खोटा पडतो.

म्हणून पहिल्याच दिवशी तिला वही दिली.
तारीख, वेळ, काय चाललं होतं.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हटलं,
नाहीतर बरा कशानं झाला तेही कळत नाही.

*१४. रॅम काढून खोडरबरनं घासली. फरक नाही.*
*१६. जुना ड्रायव्हर टाकला. फरक नाही.*
*१७. झाकण उघडं, समोर टेबलफॅन. एकाहत्तर डिग्री. गेला.*
*१९. रात्रभर मेमरी टेस्ट. चुका शून्य. झोप शून्य.*
*२१. आईनं मिक्सर लावला. गेला!!*
*२१. मिक्सर परत लावला. नाही गेला.*
*२२. आई म्हणते, चटणी आता पुरे.*

रविवारी मी कंपनीतलं मीटर घरी आणलं.
पिवळ्या तारेला टोक लावून बसलो जमिनीवर,
वर ती खेळत होती, कुठला तरी किल्ला पडत होता.
बारा. अकरा पॉइंट आठ. अकरा पॉइंट दोन.
किल्ला पडायच्या आधी दहा पॉइंट नऊ,
आणि अंधार.

सप्लाय बाहेर काढून हातात तोलला.
फरसाणाच्या पुड्याइतका हलका.
वर छापलेलं, साडेचारशे वॅट.
नाशिकरोडला नोटा छापतात,
त्यांच्यामागे काहीतरी असतं म्हणे.
या आकड्यामागे काही नव्हतं.
गांगुर्डे दुकानातून म्हणाला, "काका, सगळे हाच नेतात."
सगळे.

तिनं तीन झगमगते पंखे काढले, विकले,
त्यात माझे नऊशे,
आणि वजनदार सप्लाय आणला, काळा, बिनदिव्यांचा.
दिवे विकून वीज घेतली, असं हसत म्हणाली.
मग बराच वेळ वायरी बांधत बसली,
माझ्यासारखीच, टोकं एका बाजूला वळवून.
मी शिकवलं नव्हतं.

अकरा दिवस झाले, एकदाही गेला नाही.
तरी ती दर पाच मिनिटांनी सेव्ह करते.
वहीत रोज तारीख टाकते
आणि पुढे काही लिहीत नाही.

काल दोन वाजता मला जाग आली.
बाहेरच्या खोलीत पंख्यांचा आवाज होता, एकसारखा.
"पप्पा, काय झालं?"
"काही नाही. चालू आहे ना?"
"चालू आहे."

सकाळी गेटपाशी सायकल थांबवली,
बोर्ड नीट वाचला,
मग आत गेलो.